नकाशाचा घसारा

माझं एक ठाम मत आहे. बँकेतल्या कारकुनाला मत असू शकतं यावर आमच्या शाखाधिकाऱ्यांचा विश्वास नाही, आणि घरी ते आजवर कुणी विचारलेलं नाही. तरीही ते आहे. ते असं, की मोटारीच्या कंपनीनं कारखान्यातच बसवून दिलेला, रस्ता दाखवणारा नकाशा जादा पैसे मोजून घेणं हा शुद्ध अव्यवहार आहे. तेच काम हल्ली खिशातला फोन करतो. त्याआधी काचेला चिकटवायचं छोटं यंत्र करत असे. आणि ही दोन्ही बिचारी गाडी विकली तरी आपल्याबरोबर घरी येतात. कारखान्यातला नकाशा मात्र गाडीच्या पोटात जन्मतो आणि तिथंच म्हातारा होतो.

हे सांगणारा मी कोण, असं तुम्ही विचाराल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञानवाल्यांना यंत्र कसं चालतं ते कळतं, कलाशाखेवाल्यांना ते चालतं याचंच नवल वाटतं, आणि आम्हाला ते किती वर्षं चालेल एवढंच विचारायला शिकवलेलं असतं. आता या बाबतीत नेमकं तेवढंच विचारायचं आहे, त्याला माझा काय इलाज?

आधी विक्रीची तऱ्हा पाहा. मोटारीच्या दुकानाला शोरूम म्हणतात. दुकान म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं. तिथं गाडी एकच असते, पण तिला चार पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवरच्या गाडीला चाकं आणि इंजिन असतं, आणि ती तुम्हाला दाखवण्यापुरतीसुद्धा दुकानात नसते. नकाशा सुरू होतो तिसऱ्या पायरीपासून. मी तिथल्या टाय लावलेल्या पोराला विचारलं, "नुसत्या नकाशाचे किती?"

तो हसला. आमच्याकडे कुणी मुदतठेव मोडून व्याजही पूर्ण मागतं, तेव्हा मी असाच हसतो.

"तो सेपरेट येत नाही, सर. त्याच्याबरोबर सनरूफ येतं, लेदरच्या सीट येतात आणि दारात निळा दिवा येतो."

म्हणजे वाण्याकडे मीठ आणायला जावं आणि त्यानं सांगावं, की मीठ सुटं मिळत नाही, त्याबरोबर पितळी बंब घ्यावा लागतो! आमच्या गावात दुपारी बारा वाजता छपराला भोक पाडून बसणाऱ्याला लोक कौलं फेरायला माणूस बोलावून देतात. त्या भोकाचे जादा पैसे द्यायचे, का, तर नकाशा पाहिजे म्हणून.

"फरक फक्त पन्नास हजारांचा आहे, सर. हप्त्यात तर कळणारसुद्धा नाही."

हे वाक्य त्यानं नको त्या माणसाला ऐकवलं. कर्जखात्याच्या टेबलावर अकरा वर्षं काढलेल्या माणसाला हप्ता कळणार नाही असं सांगणं म्हणजे गुरवाला देवळाचा पत्ता सांगणं. मी त्याच्याच टेबलावरचं कॅल्क्युलेटर ओढलं. पन्नास हजार रुपये, दर साल दर शेकडा ९, मुदत पाच वर्षं. हप्ता आला १,०३८ रुपये. असे साठ हप्ते म्हणजे ६२,२८०. पन्नास हजारांच्या नकाशावर १२,२८० रुपये व्याज. शिवाय आरटीओचा कर गाडीच्या किमतीवर टक्क्यानं असतो, विम्याचा हप्ताही किमतीबरोबर चढतो. म्हणजे नकाशानं रस्ता दाखवण्याआधीच त्याच्यावर रस्ताकर भरायचा. पोरगं म्हणालं, "सर, तुम्ही फार डीपमध्ये जाता." मी म्हटलं, "बाबा रे, कर्जदार याच्याहून खोलात जातात. त्यांना बाहेर काढताना मी पाहिलंय."

पण खरा मुद्दा व्याजाचा नाही, घसाऱ्याचा आहे. घसारा हा शब्द ऐकून वाचकांनी पान उलटू नये. पदवीच्या तीन वर्षांत मला मनापासून आवडलेला हा एकच विषय आहे. वस्तू दरवर्षी किती जुनी होते, ते घसारा सांगतो. आता आयकराच्या नियमांत वर्षानुवर्षं काय लिहिलेलं आहे? घरच्या वापरासारख्या साध्या मोटारीला १५ टक्के घसारा, आणि संगणकाला ४० टक्के. म्हणजे संगणक मोटारीच्या अडीचपटीहून जास्त वेगानं म्हातारा होतो हे सरकारलासुद्धा कळलेलं आहे, आणि सरकारला एखादी गोष्ट कळली म्हणजे ती जगाला कळून बराच काळ लोटलेला असतो.

गाडीतला नकाशा हा मोटारीचा भाग दिसत असला तरी जातीचा संगणक आहे. तेव्हा हिशेब करा. पन्नास हजारांची मोटार पाच वर्षांनी, उरलेल्या किमतीवर दरसाल १५ टक्के वजा करत गेलं, तर २२,१८५ रुपयांची राहते. पन्नास हजारांचा संगणक ४० टक्क्यांनी राहतो ३,८८८ रुपयांचा. ज्या दिवशी तुम्ही साठावा हप्ता भरून बँकेतून हसत बाहेर पडता, त्या दिवशी ६२,२८० रुपये देऊन घेतलेली तुमची वस्तू वहीत ३,८८८ रुपयांची उरलेली असते. गाडी अजून आठ-दहा वर्षं चालणार असते. त्या सगळ्या वर्षांत तो पडदा तिथंच असतो, कारण तो काढला तर गाडीच्या तोंडाला भगदाड पडतं, आणि बऱ्याच गाड्यांत थंड हवेची कळ आणि मागचा कॅमेराही त्याच्याच स्वाधीन असतात. लवकर शिळी होणारी वस्तू टिकाऊ वस्तूला कायमची जोडू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पोळपाट पंधरा वर्षं टिकतो म्हणून कुणी त्यावर पोळी खिळ्यांनी ठोकून ठेवत नाही.

हा नाद आजचा नाही. १९८१ साली जपानात होंडा कंपनीनं मोटारीत बसवायचं असं एक यंत्र काढलं. उपग्रह वगैरे काही नाही. गाडी किती पुढं गेली आणि कुठं वळली याची मोजदाद ठेवायची आणि पारदर्शक कागदावर छापलेल्या नकाशावर ठिपका हलवायचा. नकाशा संपला की पुढचा नकाशा हातानं सरकवायचा. १९९० साली माझ्दाच्या युनोस कॉस्मो गाडीत उपग्रहाच्या मदतीनं चालणारा नकाशा कारखान्यातूनच बसून आला. त्या काळी त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ होता, कारण ती वस्तू दुसरीकडे मिळतच नव्हती. पुढे मे २००० मध्ये अमेरिकी सरकारनं नागरी वापरासाठीचे उपग्रहांचे संदेश मुद्दाम अंधुक करणं थांबवलं. जे यंत्र शंभरेक मीटरची चूक करायचं, ते दहा-वीस मीटरवर आलं. मग गार्मिन, टॉमटॉम अशा कंपन्यांची काचेला चिकटवायची छोटी यंत्रं आली आणि त्यांनी मोटार कंपन्यांच्या नकाशाचा भाव उघडा पाडला. आणि २८ ऑक्टोबर २००९ रोजी गुगलनं जाहीर केलं, की फोनमध्ये वळणावळणाला रस्ता सांगणारा नकाशा आम्ही फुकट देऊ. त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम या दोघांचे शेअर धाडकन खाली आले. म्हणजे शेअरबाजारातल्या दलालांना जे एका दिवसात उमगलं, ते आपल्या गिऱ्हाइकाला शोरूममध्ये अजून उमगायचं आहे.

फुकट म्हणजे अगदी फुकट नव्हे, हे मला ठाऊक आहे. आपण कुठं जातो याची नोंद फोनवाल्याकडे जाते. पण इंटरनेटला जोडलेल्या नव्या मोटारीही कंपनीकडे माहिती पाठवतच असतात; मग पैसे देऊन चहाडी करून घेण्यापेक्षा फुकटात घेतलेली काय वाईट? आणि मी सकाळी बँकेत जातो व संध्याकाळी घरी येतो, ही बातमी विकून कुणी श्रीमंत होणार असेल, तर माझ्या त्याला शुभेच्छा आहेत.

आता प्रत्यक्ष उदाहरण देतो. माझे साडू. साडू हे नातं परमेश्वरानं तुलनेसाठीच निर्माण केलं आहे. त्यांनी २०१९ साली सगळ्यात वरच्या पायरीची गाडी घेतली. तिच्यातला नकाशा एका बोटभर कार्डात भरलेला होता. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोन्ही कुटुंबं त्या गाडीतून नागपूरला लग्नाला निघालो. मी मागं बसून मुद्दामच काही बोललो नाही. पुणं सोडलं आणि पहिल्या मोठ्या गावाला बाहेर पाटी होती अहिल्यानगर, आत पडदा म्हणत होता अहमदनगर. पुढं बाहेर छत्रपती संभाजीनगर, आत औरंगाबाद. इथवर ठीक होतं. नाव जुनं असलं तरी गाव जागेवर होतं. त्यानंतर आम्ही समृद्धी महामार्गाला लागलो.

या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पुरा झाला. साडूंचा नकाशा त्याआधीचा. त्याच्या लेखी तिथं रस्ताच नव्हता. पडद्यावर आमची गाडी ताशी शंभराच्या वेगानं लोकांच्या कपाशीतून आणि तुरीतून चालली होती. मधूनच एखादा ओढा पार करत होती. आणि आतली बाई दर दोन मिनिटांनी कळवळून सांगत होती, की शक्य असेल तेव्हा मागं वळा. दुभाजक असलेल्या द्रुतगती रस्त्यावर मागं वळायचं! शेवटी साडूंच्या सौभाग्यवतींनी आपला फोन काढला आणि आरशाखाली धरला. साडू म्हणाले, "अहो, आवाज तरी बारीक ठेवा, तिला कळेल." त्यांना आपल्या गाडीतल्या बाईच्या भावनांची काळजी होती. माणूस मनानं फार चांगला.

परतल्यावर त्यांनी गाडीच्या सेवाकेंद्रात चौकशी केली. नव्या नकाशाचं कार्ड मिळेल, किंमत साडेसात हजार, मागवायला तीन आठवडे लागतील, आणि त्यातही समृद्धीचा शेवटचा टप्पा असेलच असं सांगता येत नाही. शिळ्या भाकरीला ताजा भाव. फोनमधला नकाशा मात्र आपण झोपेत असताना बदललेला असतो. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर सुरुंगानं पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला तिथलं नवं काम वाहतुकीला खुलं झालं. जिथं पूलच रात्रीतून नाहीसे होतात, तिथं चार वर्षं जुना नकाशा घेऊन फिरणं म्हणजे जुन्या पंचांगावर मुहूर्त काढणं.

परदेशात सगळं ठीक असेल असं समजू नका. १ जानेवारी २०२२ रोजी होंडाच्या आणि तिच्याच ॲक्युरा नावाच्या अनेक जुन्या गाड्यांत नकाशाच्या पडद्यावरचं घड्याळ एकदम २००२ सालात गेलं. मी वीस वर्षांपूर्वीची तारीख टाकून एक व्हाउचर पास केलं, तर माझ्यावर चौकशी बसेल. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं आपली थ्रीजी सेवा बंद केली, आणि तिच्या भरवशावर बसलेल्या कित्येक मोटारींतल्या जोडणीच्या सोयी मुक्या झाल्या. गाड्या धडधाकट, चाकं फिरताहेत. मेंदूचा तेवढा पुरवठा बंद. फोन असता तर माणसानं बदलला असता. तो तसाही तीन-चार वर्षांनी बदलतोच, पडला म्हणून किंवा शेजाऱ्यानं बदलला म्हणून.

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणंही ऐकलं पाहिजे, नाहीतर ऑडिटर शेरा मारतो.

पहिलं म्हणणं बोगद्याचं. बोगद्यात फोनला उपग्रह दिसत नाहीत. गाडीतला नकाशा चाकांचे फेरे मोजून आणि वळणांचा अंदाज घेऊन आपली जागा ओळखू शकतो. हे खरं आहे, आणि मोठ्या शहरात बोगद्यातून बाहेर पडताक्षणी फाटा असेल तर उपयोगीही आहे. पण समृद्धीवर इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा घ्या, नाहीतर पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरचा भाताणचा घ्या. बोगद्यात चुकून डावीकडे वळायची सोय अजून कुणी केलेली नाही. जिथं रस्ता एकच आहे तिथं तो दाखवायचे पन्नास हजार?

दुसरं म्हणणं घाटाचं. घाटात फोनची रेंज जाते. जाते, पण उपग्रहाला रेंज लागत नाही, लागतो तो नकाशा. तो घरून निघतानाच फोनमध्ये उतरवून घेता येतो, आणि २०१५ पासून तशा उतरवलेल्या नकाशावर गुगलसुद्धा वळणं सांगतं. डबा घरून न्यायचा असतो, हे मराठी माणसाला मी सांगायला नको. गर्दी कुठं तुंबली आहे ते मात्र रेंजशिवाय कळत नाही, आणि कार्डवाल्या नकाशालाही ते कळत नाही.

तिसरं म्हणणं उन्हाचं. काचेखाली ठेवलेला फोन मे महिन्यात तापून डोळे मिटतो. बरोबर. म्हणून तो काचेवर लावू नये, थंड हवेच्या झडपेजवळ लावावा. त्याचा होल्डर काही शे रुपयांत मिळतो आणि त्याच्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. फोन हातात धरून गाडी चालवू नये, हेही आलंच. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनं अशी उपकरणं फक्त रस्ता पाहण्यासाठी, आणि चालवणाऱ्याचं लक्ष ढळणार नाही अशा रीतीनं वापरायला मुभा दिलेली आहे. साडूंच्या सौभाग्यवतींनी धरला तसा शेजारच्यानं धरला तर उत्तमच. संसारात त्यामुळे बोलायला विषय मिळतो.

चौथं म्हणणं मोठ्या पडद्याचं, आणि हे सगळ्यात फसवं. कारण फोनमधला नकाशा गाडीच्या पडद्यावर उमटवायची सोय ॲपलनं २०१४ साली जाहीर केली आणि त्यापाठोपाठ अँड्रॉइडवाल्यांचीही आली. असा कोरा पडदा पुष्कळ गाड्यांत दुसऱ्या पायरीवरच मिळतो. चौकट गाडीची, चित्र फोनचं. चौकटीचे पैसे एकदा द्यावेत. चित्र आपलं आपण बदलावं. मी दुसऱ्या पायरीची गाडी घेतली ती याच हिशेबानं. पण ही युक्ती कंपन्यांच्याही ध्यानात आली आहे. २०२३ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सनं जाहीर केलं, की आमच्या पुढच्या विजेवरच्या गाड्यांत फोन पडद्यावर उमटवण्याची सोय आम्ही देणार नाही. गिऱ्हाइकाच्या खिशातला फुकट नकाशा ज्या दुकानदाराला खुपतो, त्याच्या नकाशाची किंमत किती खरी असेल ते ओळखावं.

इतका वेळ मी हसत लिहिलं. एक गोष्ट हसण्यासारखी नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून एक मोटार खाली कोसळली आणि आतले तिघंजण गेले. फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर ते चालले होते, अशा बातम्या आल्या. विरुद्ध पक्ष म्हणेल, बघा तुमचा फोन! मी म्हणतो, जरूर बघा. ज्या नकाशात रोज दुरुस्त्या होतात तोसुद्धा तुटलेला पूल दाखवायला चुकू शकतो, तर कारखान्यात एकदा भरून मोहोर मारलेल्या नकाशावर रात्री किती विसंबावं? नकाशा हा सल्लागार आहे, चालक नव्हे. आणि पन्नास हजार मोजलेल्या सल्लागाराचं माणूस जरा जास्तच ऐकतो, हा त्यातला खरा धोका. फुकट सल्ल्याकडे आपण निदान संशयानं पाहतो.

माझ्या टेबलासमोर नवी जोडपी येतात. पहिली गाडी, दोघांचे पगार, डोळ्यांत आनंद. फॉर्म भरताना मी पाहतो, की वरच्या पायरीची गाडी घेतलेली आहे. कधी दीड वर्षानं त्यातला एक जण एकटाच येतो आणि खुर्चीच्या कडेवर बसून विचारतो, "साहेब, हप्ता थोडा कमी होईल का?" मी कारकून असूनही तो मला साहेब म्हणतो, यावरूनच काय ते समजतं. अशा वेळी थकलेला हप्ता इंजिनाचा नसतो, पायरीचा असतो. दुसऱ्या पायरीवर थांबला असता तर तो आलाच नसता. आणि पन्नास हजार खर्चायचेच होते, तर जादा एअरबॅग होत्या, चांगले टायर होते. त्यांना घसारा असला तरी ते शेवटपर्यंत आपलं काम करतात. मधेच कुणाला तुरीच्या शेतातून नेत नाहीत.

तेव्हा वाचकहो, शोरूममध्ये जाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. नकाशा सुटा किती पडतो? तो नवा कोण करून देणार, किती वर्षं आणि कितीला? आणि माझा फोन या पडद्यावर दिसतो का? पहिल्याचं उत्तर हसून मिळेल, दुसऱ्याचं मिळणार नाही, आणि तिसऱ्याचं "हो" असलं की बाकीच्या पायऱ्या चढायचं कारण उरत नाही. पन्नास हजार रुपये ज्यांना चिल्लर वाटते, त्यांनी खुशाल घ्यावा. चिल्लर आमच्याकडे नेहमीच कमी असते, त्यांनी ती येऊन भरावी. बाकीच्यांनी होल्डर घ्यावा, निघण्यापूर्वी नकाशा उतरवून घ्यावा, आणि उरलेले ४९,५०० रुपये पाच वर्षांच्या मुदतठेवीत टाकावेत. तिचा फॉर्म माझ्याकडे मिळेल. जेवणाच्या सुट्टीत येऊ नये.